छोटं विमान घेऊन पहिल्यांदा एअर शोला जायचं तर? ओशकोशची वाट आणि कोल्हापूरची अडचण

जुलैचा शेवटचा आठवडा आला की एक व्हिडिओ दरवर्षी फिरतो. एकच धावपट्टी, तिच्यावर एकामागून एक उतरणारी तीन छोटी विमानं. पहिलं अजून धावपट्टीवरून बाहेर पडलेलं नाही, दुसरं मध्यावर टेकतंय आणि तिसरं टोकावर येऊन पोहोचलंय. खाली कमेंट ठरलेल्या: "एडिटिंग आहे", "एआय आहे", "गेम आहे".

व्हिडिओ खरा असतो. तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ओशकोश या गावाचा आहे. तिथे दरवर्षी 'एअरव्हेंचर' नावाचा एअर शो भरतो. त्याची खासियत अशी की प्रेक्षकांतले हजारो लोक तिथे स्वतःचं विमान चालवत येतात. आपण जोतिबाच्या यात्रेला गाडी काढतो तसं. त्यात दरवर्षी अनेक जण पहिल्यांदाच येणारे असतात. आयुष्यात कधी न पाहिलेल्या गर्दीत त्यांना एकट्याने विमान उतरवायचं असतं. ते हे कसं करतात, त्यात धोका कुठे असतो आणि कोल्हापूरच्या माणसाला हे करायचं झालं तर काय, ते पाहू.

ओशकोश आहे तरी काय?

शिकागोच्या उत्तरेला, विनेबॅगो नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठावर ओशकोश आहे. लोकसंख्या साधारण ६६ हजार, म्हणजे इचलकरंजीच्या पावभाग. विमानतळाला स्टीव्ह विटमन या जुन्या रेसिंग वैमानिकाचं नाव आहे.

१९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संस्था सुरू केली. घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने विमान बनवणाऱ्या लोकांची ही संघटना. त्याच वर्षी त्यांचा पहिला मेळावा झाला. पुढे तो इलिनॉयमधल्या रॉकफर्डला गेला आणि १९७० पासून ओशकोशला स्थिरावला. आता त्याचा पसारा एवढा वाढलाय की २०२३ मध्ये आठवडाभरात सुमारे ६ लाख ७७ हजार लोक आले आणि ओशकोश व आसपासच्या विमानतळांवर मिळून १० हजारांहून जास्त विमानं उतरली.

गर्दीचा अंदाज यायला एक तुलना करू. मुंबईच्या विमानतळावर गर्दीच्या वेळी तासाला साधारण ४५-४६ विमानांची ये-जा होते आणि तो देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आहे. ओशकोशला २०२३ च्या मेळाव्याभोवतीच्या ११ दिवसांत २१,८८३ उड्डाणं आणि लँडिंग झाली. विमानतळ उघडा असतानाच्या दर तासाला सरासरी १४८. मुंबईत ही विमानं मोठ्या कंपन्यांचे पगारी वैमानिक चालवतात. ओशकोशला त्यातले बरेच जण दाताचे डॉक्टर, शेतकरी, निवृत्त शिक्षक असे हौशी असतात.

रुळावरून चाललेली विमानं

आता मुख्य प्रश्न. एवढी विमानं चारही बाजूंनी आली तर आभाळात गोंधळ होणार. त्यावर काढलेला उपाय इतका साधा आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चेष्टाच वाटते. सगळ्यांनी रेल्वेच्या रुळावरून यायचं.

ओशकोशच्या नैऋत्येला सुमारे १५ मैलांवर रिपन नावाचं गाव आहे. ढगांखालून, डोळ्यांनी बघत येणाऱ्या छोट्या विमानांनी आधी रिपनवर यायचं. तिथून ईशान्येला जाणारा रेल्वेमार्ग पकडायचा आणि त्याच्या बरोबर वरून, एकामागे एक, फिस्क नावाच्या छोट्या वस्तीपर्यंत जायचं. उंची समुद्रसपाटीपासून १,८०० फूट, म्हणजे तिथल्या जमिनीपासून जेमतेम हजार फूट. वेग ९० नॉट, ताशी साधारण १६५ किलोमीटर. पुढच्या विमानापासून अंतर अर्धा मैल. ज्यांचं विमान इतक्या कमी वेगाने नीट उडत नाही, त्यांच्यासाठी ५०० फूट वर दुसरी रांग असते, वेग १३५ नॉट.

कोल्हापूरकरांना हे लगेच डोळ्यांसमोर येईल. समजा मिरजेकडून येणाऱ्या प्रत्येक विमानाला सांगितलं की आधी हातकणंगले स्टेशनवर या, तिथून रूळ धरा, रुकडीपर्यंत रांग मोडू नका, पुढे कुठे वळायचं ते रुकडीला उभा असलेला माणूस सांगेल. रिपन म्हणजे हातकणंगले आणि फिस्क म्हणजे रुकडी. फरक एवढाच की विमानाला सिग्नलवर थांबता येत नाही.

विमान हवेत उभं राहू शकत नाही, हीच सगळी अडचण आहे. रस्त्यावर पुढची गाडी हळू झाली की आपण ब्रेक मारतो. इथे पुढच्याचा वेग ८० वर आला तर मागच्यालाही तो कमी करावा लागतो, त्याच्या मागच्याला आणखी कमी. पाचव्या-सहाव्या विमानापर्यंत तो वेग धोक्याच्या हद्दीत जातो. म्हणून नियम कडक आहेत. पुढच्याला ओलांडायचं नाही. वेळ काढायला नागमोडी उडायचं नाही. रांगेत गोल घिरटी घालायची नाही, कारण मागचा अर्ध्या मैलावर आहे. अंतर बिघडलंच तर रांगेतून बाजूला व्हायचं आणि परत रिपनला जाऊन शेवटी लागायचं. दर्शनाच्या रांगेतून बाहेर पडल्यावर जे होतं तेच.

गर्दी फार झाली तर नियंत्रक सगळ्यांना जवळच्या तळ्यांभोवती फिरत राहायला सांगतात. रश लेक आणि ग्रीन लेक ही त्यातली नेहमीची नावं. २०१८ मध्ये मेळाव्याच्या आधी खराब हवामानामुळे विमानं अडून राहिली आणि हवा सुधारताच सगळी एकदम निघाली. कित्येक जण तासन्‌तास घिरट्या घालत राहिले. त्यानंतर रिपनच्याही आधी काही ठरावीक टप्पे जोडले गेले, म्हणजे रांग लांबवर पसरेल.

रेडिओवर गप्प बसायचं

वैमानिकाला शिकवलेली पहिली शिस्त म्हणजे नियंत्रक जे सांगेल ते रेडिओवर परत म्हणून दाखवायचं. ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथेच पकडली जाते. ओशकोशला ही सवय मोडावी लागते. एकाच फ्रिक्वेन्सीवर शंभर विमानं असताना प्रत्येकाने उत्तर दिलं तर कुणाचंच काही ऐकू येणार नाही.

म्हणून फिस्कला जमिनीवर नियंत्रक दुर्बिणी घेऊन उभे असतात. ते विमानाचं नाव किंवा नंबर विचारत नाहीत. दिसतं त्यावरून हाक मारतात: पांढरं, वर पंख असलेलं विमान, पंख हलवा. वैमानिकाने काही न बोलता विमान डावी-उजवीकडे झुकवायचं. झालं उत्तर. मग त्याला धावपट्टी सांगितली जाते, टॉवरची फ्रिक्वेन्सी सांगितली जाते आणि लगेच पुढच्या विमानाला हाक.

'वर पंख' आणि 'खाली पंख' हे नवख्या वाचकाला विचित्र वाटेल. सेसना कंपनीच्या बहुतेक छोट्या विमानांचे पंख केबिनच्या वर असतात, पायपर कंपनीच्या बऱ्याच विमानांचे खाली. लांबून ओळखायला ही सर्वांत सोपी खूण. इथे गंमत अशी की आपलं विमान खालून कसं दिसतं हे पुष्कळ मालकांना नीट माहीत नसतं. वरून निळे पट्टे, पोट मात्र पांढरं. खाली उभ्या माणसाला पोटच दिसतं.

हे नियंत्रक अमेरिकेच्या सरकारी हवाई वाहतूक खात्याचे. देशभरातून निवड होऊन ते या आठवड्यापुरते येतात. गडद गुलाबी शर्ट ही त्यांची ओळख.

हिरवा ठिपका, नारिंगी ठिपका

व्हिडिओतलं दृश्य इथे घडतं. एरवी एक विमान धावपट्टीवरून बाहेर पडेपर्यंत दुसऱ्याला उतरू देत नाहीत. या आठवड्यात खास परवानगीने छोट्या विमानांमधलं हे अंतर कमी केलेलं असतं. धावपट्टीवर मोठाले रंगीत ठिपके रंगवतात आणि टॉवर सांगतो, तुम्ही हिरव्या ठिपक्यावर टेका. मागचा नारिंगीवर. मुख्य धावपट्टी सुमारे ८,००० फूट लांब आहे आणि सेसना १७२ सारख्या विमानाला उतरायला त्यातला थोडाच भाग लागतो, म्हणून हे जमतं. तेवढ्याने भागत नाही म्हणून तिला समांतर असलेला टॅक्सीवेसुद्धा त्या आठवड्यात धावपट्टी म्हणून वापरतात.

ऐकायला छान. पण ज्याने आजवर गावाकडच्या रिकाम्या विमानतळावर, पाहिजे तिथे, पाहिजे तसं विमान टेकवलंय, त्याला पहिल्यांदा कुणीतरी सांगतं की ठरलेल्या ठिपक्यावरच उतर आणि टेकताच गवतात बाहेर पड, मागे एक जण येतोय. ही मागणी मोठी आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने घरी काय करावं?

अनुभवी लोक सांगतात त्यात सगळ्यांत वर एकच गोष्ट असते: नोटीस वाचा. दरवर्षी मेळाव्याआधी सरकारी खातं तीसेक पानांची सूचनापुस्तिका काढतं. मार्ग, उंची, वेग, फ्रिक्वेन्सी, ठिपक्यांच्या जागा, विमानतळ बंद असण्याच्या वेळा, सगळं त्यात असतं. दुपारी हवाई कसरती चालू असताना विमानतळ येणाऱ्यांसाठी बंद असतो आणि रात्रीही. हे न वाचता आलेला माणूस चार वाजता रिपनवर पोहोचतो आणि पेट्रोल जाळत बसतो.

दुसरं, सराव. घरच्या विमानतळावर जायचं आणि अर्धा तास ९० नॉट वेग व एकच उंची धरून उडायचं. काटा ८५ ते ९५ मध्ये हलत राहिला तर अजून सराव करायचा. मग धावपट्टीवरची एखादी खूण ठरवून तिच्यावरच उतरायचं, दहा वेळा, वीस वेळा. हे काम कंटाळवाणं आहे. पण माझ्या मते सगळ्या तयारीतलं हेच खरं काम, बाकी सामान बांधणं झालं.

तिसरं, शेजारच्या सीटवर माणूस घ्या. शक्यतो वैमानिक, नाहीतर निदान डोळे उघडे ठेवणारा. एकाने विमान सांभाळायचं, दुसऱ्याने बाहेर बघत राहायचं. फोन आणि फोटो त्या पंधरा मिनिटांत बंद.

चौथं, इंधन. नियमाने दिवसा अर्ध्या तासाचं जादा इंधन पुरतं. ओशकोशला ते पुरत नाही. तासभर घिरट्या घालून, उतरता आलं नाही तर फाँड डु लॅक किंवा ॲपलटनच्या विमानतळावर जाता येईल एवढं हवं. कमी इंधन असलेला माणूस घाई करतो आणि घाईत चुकीचा निर्णय घेतो.

धोका नेमका कुठे?

'स्टॉल' हा शब्द बातम्यांत आला की लोकांना वाटतं इंजिन बंद पडलं. विमानात स्टॉलचा इंजिनशी संबंध नाही. पंखावरून हवा एका मर्यादेपर्यंतच्या कोनात नीट वाहते. वेग कमी झाला की तेवढंच वजन पेलायला वैमानिक नाक वर करतो आणि कोन वाढतो. मर्यादा ओलांडली की हवेचा प्रवाह पंखाच्या पाठीवरून सुटतो आणि पंख वजन पेलेनासा होतो. सेसना १७२ मध्ये उतरण्याच्या तयारीत नसताना हे ४८ नॉटच्या आसपास होतं.

९० आणि ४८ मध्ये भरपूर अंतर आहे असं वाटेल. पण वळताना हिशोब बदलतो. विमान ४५ अंशांत झुकवून उंची राखत वळलं तर तीच मर्यादा ५७ नॉटवर येते, ६० अंशांत ६८ वर. आता चित्र बघा. नवखा वैमानिक उतरायला वेग कमी करत आलाय, टॉवर म्हणतोय लवकर वळा, धावपट्टी बाजूने निसटतेय, नजर ठिपक्यावर खिळलीय आणि तो विमान जास्त झुकवतो. खाली जमीन पाचशे फुटांवर. इथे स्टॉल झाला तर सावरायला जागा नसते. जगभरच्या छोट्या विमानांच्या अपघातांत हे वळण कुप्रसिद्ध आहे, ओशकोशला त्यावर गर्दीचा ताण चढतो इतकंच.

म्हणून नवख्यांना एक गोष्ट घोकून सांगतात: नकार देण्याचा हक्क कायम तुमचा आहे. ठिपका जमत नसेल, पुढचा अडखळला असेल, काहीही खटकलं तर इंजिनला पूर्ण ताकद द्या आणि वर जा. परत रांग लावावी लागेल, दीड तास जाईल. कुणी काही म्हणणार नाही.

एवढं करूनही अपघात होतात. २९ जुलै २०२३ या एकाच दिवशी दोन झाले. सकाळी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं एक प्रशिक्षण विमान विनेबॅगो तळ्यात कोसळून दोघे गेले. दुपारी विमानतळावर एक छोटं हेलिकॉप्टर आणि एक गायरोकॉप्टर एकमेकांवर आदळून आणखी दोघे. त्याआधी २००७ मध्ये दोन पी-५१ मस्टँग विमानं उतरताना धडकून एका वैमानिकाचा जीव गेला होता.

हवामान हा वेगळाच विषय. २०१० मध्ये मेळाव्याआधी इतका पाऊस झाला की विमानं उभी करायची गवताची मैदानं चिखलात गेली आणि येणाऱ्यांना दुसरीकडे वळवावं लागलं. त्या वर्षाला लोक अजून 'स्प्लॉशकोश' म्हणतात. ३१ मार्च २०११ ला फ्लोरिडातल्या 'सन एन फन' या दुसऱ्या मोठ्या मेळाव्यात चक्रीवादळ शिरलं आणि उभी असलेली अनेक विमानं उलटीपालटी झाली. म्हणून विमान जमिनीला बांधायचे खुंटे आणि दोर प्रत्येकाने घरून आणायचे असतात. बैलाला दावं लागतं तसं विमानालाही लागतं, वारा सुटला की हलकं विमान स्वतःहून उचललं जातं.

उतरल्यावर

धावपट्टीवरून गवतात वळलं की टॉवरशी संबंध संपतो. नारिंगी जॅकेटातले स्वयंसेवक हातवारे करून पुढे नेतात. वैमानिकाने काचेतून कागदावर ठळक लिहिलेली अक्षरं दाखवायची. 'जीएसी' म्हणजे तंबू टाकून राहणार, 'जीएपी' म्हणजे नुसतं विमान उभं करणार. घरी बनवलेल्या आणि जुन्या विमानांची मैदानं वेगळी. कागद घरीच लिहून आणायचा, कारण गवतात विमान थांबवून पेन शोधायला वेळ नसतो.

या टप्प्यावर माणूस सैल होतो आणि तेच वाईट. समोर पंखा फिरतोय, आजूबाजूला पायी चालणारी माणसं, मुलं आहेत. फिरणारा पंखा दिसत नाही, ते वर्तुळ हवेसारखंच वाटतं. इंजिन बंद होऊन पंखा थांबेपर्यंत कुणी विमानातून उतरायचं नाही, हा नियम सोबतच्या माणसाला आधीच सांगून ठेवायचा.

मग पंखाखाली तंबू. हजारो लोक आठवडाभर असेच राहतात. शेजारचा माणूस आपलं विमान अकरा वर्षं कसं बनवलं ते सांगत असतो आणि तुम्ही न विचारताही सांगतो. २०२३ मध्ये अशी घरी बनवलेली हजारावर विमानं आली होती. अमेरिकेत निम्म्याहून अधिक काम हौसेने स्वतः केलं असेल तर 'एक्सपेरिमेंटल' म्हणून नोंदणी मिळते, ठरावीक तासांची चाचणी उड्डाणं करायची, मग ते विमान घेऊन तुम्ही ओशकोशला मोकळे.

आणि आपल्याकडे?

इथे आपल्याला कॅप्टन अमोल यादव आठवतात. जेट एअरवेजमध्ये वैमानिक असलेल्या या माणसाने कांदिवलीतल्या चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीत 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला तेव्हा ते लोकांना दाखवायचं ठरलं. विमान प्रदर्शनाला गेलं कसं? सुटं करून, गच्चीवरून क्रेनने उतरवून, रस्त्याने. उडायची परवानगीच नव्हती. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, 'व्हीटी-एनएमडी' या नावाने आणि धुळ्याच्या विमानतळावर चाचणी उड्डाण व्हायला २०२० उजाडलं. एखादं विमान सुरक्षित आहे का हे तपासायला वेळ लागावा, त्यात गैर काही नाही. पण हौशी माणसाने बनवलेल्या विमानाचं काय करायचं याचा रस्ताच आपल्याकडे मळलेला नव्हता. यादवांना विमान आणि रस्ता दोन्ही बनवावं लागलं.

आता कोल्हापूरचं बघू. उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ पासूनचा. म्हणजे ओशकोशच्या मेळाव्यापेक्षा वयाने मोठा. पूर्वी १,३७० मीटर असलेली धावपट्टी आता १,९३० मीटर आहे, मार्च २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली. छोट्या विमानाला ही धावपट्टी चिक्कार.

समजा तुमच्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. तो मिळवायला वय १७ पूर्ण, वैद्यकीय तपासणी, परीक्षा आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया इथे शिकायची सोय आहे. विमानही आहे समजा. आपल्याकडचा सर्वांत मोठा शो म्हणजे 'एरो इंडिया'. १९९६ पासून, दर दोन वर्षांनी, बेंगळुरूजवळ येलहंकाला भरतो. कोल्हापूरपासून हवाई अंतर सुमारे ५३० किलोमीटर, सेसनाला पावणेतीन तासांच्या आत. सकाळी निघून दुपारच्या कसरती बघता येतील.

येणार नाहीत. येलहंका हा हवाई दलाचा तळ आहे. शोच्या काळात तिथलं आकाश ठरावीक वेळी बंद असतं, बेंगळुरूच्या प्रवासी विमानांचं वेळापत्रकही त्यासाठी बदलतात. तिथे दिसणारी विमानं प्रदर्शनात भाग घेणाऱ्यांची असतात. प्रेक्षक रस्त्याने येतो. त्याचीही परीक्षा होतेच. २०१९ मध्ये पार्किंगच्या मैदानात आग लागून शेकडो गाड्या जळाल्या होत्या आणि त्याच वर्षी सरावात सूर्यकिरण पथकाची दोन विमानं धडकून विंग कमांडर साहिल गांधी यांचा मृत्यू झाला. हैदराबादच्या बेगमपेटला भरणारा 'विंग्ज इंडिया' नागरी विमानांचा आहे, पण तिथेही तंबू घेऊन स्वतःच्या विमानाने या, असं निमंत्रण नसतं.

एरवीही इथे छोटं विमान काढणं म्हणजे गाडी काढण्यासारखं नाही. उड्डाणाचा आराखडा द्यायचा, हवाई दलाकडून परवानगीचा क्रमांक घ्यायचा, उतरणार त्या विमानतळाला आधी कळवायचं. डोळ्यांनी बघत उडायचं असेल तर सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ. शिवाय छोट्या इंजिनांना लागणारं एव्हगॅस हे पेट्रोल मोजक्याच ठिकाणी मिळतं. ते देशात बनायला २०२२ उजाडलं, इंडियन ऑइलच्या वडोदऱ्याच्या रिफायनरीत. आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापुरात कुणी विमान काढणार नाही. त्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीकडे असतं.

पण छोट्या विमानाने लांब जाणारी माणसं आपल्यात नाहीत असं नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. ८९ वर्षांनी, २०२१ मध्ये त्याच तारखेला मुंबईची आरोही पंडित छोट्या विमानाने भुजहून जुहूला आली. त्याआधी मे २०१९ मध्ये तिने पिपिस्ट्रेल सायनस नावाचं, रिकाम्या वजनात बुलेट मोटरसायकलच्या दीडपटीहून थोडं जास्त भरणारं विमान एकटीने अटलांटिक महासागरावरून नेलं होतं: स्कॉटलंडमधलं विक, मग आइसलंड, ग्रीनलंड आणि कॅनडा.

कोल्हापूरच्या माणसाला खरंच जायचं असेल तर

इथून विमान उडवत नेणं बाजूला ठेवा. जमणारा मार्ग असा: भारतातला खासगी परवाना असेल तर त्याच्या आधारावर अमेरिकेचं खातं तिथला परवाना देतं. त्यासाठी कागदपत्रांची पडताळणी भारतातून व्हावी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून काही महिने आधी अर्ज करायचा. तिथे गेल्यावर प्रशिक्षकाबरोबर उडून परीक्षा द्यायची आणि मग विमान भाड्याने घ्यायचं. भाड्याच्या विमानाला ओशकोशच्या गवतात उतरायची मुभा आहे का, विमा चालतो का, हे मालकाला लेखी विचारून घ्यायचं. पहिल्या वर्षी तिथल्या अनुभवी वैमानिकाच्या शेजारी बसून जाणं सगळ्यांत शहाणपणाचं. रुळावरची रांग, गुलाबी शर्टवाल्यांच्या हाका, ठिपका, सगळं एकदा डोळ्यांखालून जातं.

परवाना नसेल तरी अडत नाही. शिकागो किंवा मिलवॉकीपर्यंत प्रवासी विमान, पुढे गाडी आणि तिकीट काढून आत. बहुतेक प्रेक्षक असेच येतात.

आणि घरबसल्या करायचं असेल तर ती सूचनापुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते, फिस्कच्या रेडिओची रेकॉर्डिंगही ऐकायला मिळतात. नकाशावर रिपन ते फिस्क रूळ शोधा आणि ऐकत बसा. पुस्तिका मात्र चालू वर्षाची घ्या. ठिपक्यांच्या जागा, वेळा आणि आधीचे टप्पे बदलत असतात आणि गेल्या वर्षीची पुस्तिका घेऊन आलेला एखादा तरी वैमानिक दरवर्षी त्या रांगेत असतो.